सुतारपक्ष्याची अंगाई

झाडं गाणी ऐकत डुलायची, त्या काळची गोष्ट. पिंपळावरचा सुतारपक्षी झाडावरच्या सगळ्यांच्या, नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लांना मोठ्या हौसेने अंगाई म्हणायचा, “डोळे मिटा खटाखट, पडा ताठ पटापट!” पिल्लं टुणकन उठून बसत. मग शेजारची पारवी गुणगुणे, “मऊमऊ माळावर मंद मंद मेघ.” पिल्लं लगेच पेंगत. सुतारपक्षी धुमसत राही.

एका दुपारी पिल्लं झोपलेली असताना मांजर झाडावर चढू लागलं. पारवी घाबरून घुमली, “मांजर... माझ्या मुलांनो, मांजर...” पिल्लं आणखीच गाढ झोपली.

“पुन्हा हिचीच अंगाई!” सुतारपक्षी चिडला आणि त्याने आपली सुरू केली, “डोळे मिटा खटाखट...”

पिल्लं दचकून भुर्रकन उडाली. मांजर हात चोळत राहिलं.

सगळ्यांनी सुतारपक्ष्याला डोक्यावर घेतलं. तो मात्र फुरंगटून म्हणाला, “कौतुक कसलं करता? एक तरी झोपलं का?”