उपरण्याचे दोन तुकडे

सगुणाबाईंनी शहरातल्या सांडपाण्याचा शुद्ध केलेला गाळ रानात खत म्हणून घातला, तेव्हा सरपंच तात्यासाहेब चारचौघांत गरजले, "बाई, त्या घाणीनं माती मेली तुझी!"

बाईंनी त्यांचंच जरीकाठी सुती उपरणं मागून घेतलं, मधोमध फाडलं आणि अर्धं आपल्या, अर्धं त्यांच्या रानात पुरलं. दोन महिन्यांनी गावासमोर दोन्ही तुकडे उकरले. तात्यांचा तुकडा जसाच्या तसा. बाईंच्या हाती नुसती जर.

"बघा, माझी माती किती स्वच्छ!" तात्या हसले.

"तात्या, माझ्या मातीतल्या जिवाणूंनी ताट चाटूनपुसून साफ केलं. रासायनिक खतं घालून घालून तुमच्या पंगतीला जेवणारंच कुणी उरलं नाही."

तात्यांची मान खाली गेली. बाईंनी शहराच्या दिशेनं हात जोडले आणि तात्यांच्याच कोऱ्या तुकड्यात ओंजळभर माती बांधून दिली.

"विरजण न्या. मीही मागूनच आणलंय."