दोन आण्यांचे शार्दूलराव

"तळे माझे आहे, ते मी पणाला लावले आहे आणि ते मी हरणार नाही!" राजा भूपालसेन गरजला.

समोर कोळ्याची लेक येसू उभी होती. शेजारच्या राज्याशी उद्या चेंडूफळीचा सामना ठरला होता. मध्ये दोरी आणि दोन्ही अंगांना एकेक खेळाडू. तिकडून हंबीर खेळणार होता, इकडून राजाचे मेहुणे शार्दूलराव. सूर्यास्ताला पणाच्या पत्रावर शिक्का उमटला, की कोळीवाड्याचे तळे फळीच्या टोल्यावर लटकणार होते.

"आणि आपण हरलात, तर आम्ही जाळी कुठे टाकायची, महाराज?"

"हरलो तर? प्रधानजी, कोण जिंकेल?"

"शार्दूलराव! यात शंका घेणे म्हणजे सूर्याच्या उगवण्यावर संशय घेणे."

"सेनापती?"

"शार्दूलरावच! हंबीराने यावे ते केवळ शिष्टाचार म्हणून."

"ऐकलेस? मान्य नसेल, तर सूर्यास्तापूर्वी उद्याचा निकाल आज दाखव! ज्योतिष नको, शकुन नको. जमले नाही, तर कोळीवाडा आजच रिकामा करा!"

"दाखवते. पण आमच्या मासळीबाजाराच्या रीतीने. मासा ताजा की शिळा, हे आम्ही विकणाऱ्याच्या स्तुतीवरून ठरवीत नाही. घेणाऱ्याच्या बोलीवरून ठरवतो."

येसूने दोन्ही खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या. उद्या जिंकणाऱ्याच्या चिठ्ठीला पुरा सोळा आण्यांचा रुपया मिळणार होता. हरणाऱ्याची चिठ्ठी चुलीत! दरबाऱ्यांनी खरेदी तंबूत करायची होती, ओळख पटू नये म्हणून तोंडावर उपरणे ओढून. राजा चिकाच्या पडद्याआड बसला.

"शार्दूलरावांची चिठ्ठी!" येसूने पुकारले. "साक्षात सूर्य, पंधरा आण्यांना! कोण घेतो?"

कोणी खाकरले. कोणी तंबूचे कापड न्याहाळू लागले.

"दहा? बरे, पाच?"

"दोन आणे," एका उपरण्याखालून प्रधानजींचा घोगरा स्वर आला.

"आता हंबीराची!"

"आठ!" "अकरा!" "अहो, सरका, चौदा!" सेनापतींनी तर कोपरानेच वाट काढली. शेवटी पाचूची अंगठी घातलेला एक हात पुढे आला आणि हंबीराच्या उरलेल्या साऱ्या चिठ्ठ्या चौदा आण्यांच्या भावाने उचलून मागे गेला.

राजा तीरासारखा बाहेर आला. "म्हणजे शार्दूल हरणारच?"

"भाव तसे म्हणत नाही, महाराज. सोळा वेळा खेळले, तर दोनदा जिंकतील, असे म्हणतो. भाव चुकू शकतो. खुशामत मात्र करीत नाही."

राजाने त्या अंगठीच्या हाताला धरले आणि उपरणे ओढले. "मेहुणे! ही अंगठी तर मीच दिलेली!"

"मी... केवळ कुतूहल म्हणून, दाजीसाहेब," शार्दूलराव पुटपुटले.

राजाने येसूकडे पाहिले. "इतरांनी चौदा आण्यांना घेतली. मग याच्या हातातल्या चिठ्ठीचे मोल काय धरायचे?"

"पुरा रुपया, महाराज! इतरांनी घेतली ती अटकळ. यांनी घेतली ते आश्वासन!"

मग राजा असा हसला, की डोळे पुसावे लागले. पणाचे पत्र त्याने तिथेच टराटरा फाडले आणि तळे कायमचे कोळीवाड्याच्या नावे केले.

"आणि प्रधानजी," तो म्हणाला, "यापुढे दरबारात आपले मत आम्ही रोखीने घेऊ!"