पंख्यामागचा फेस

फार पूर्वीची नव्हे, होड्यांना इंजिनं आली त्यानंतरची ही गोष्ट. एका बंदरात दोन भाऊ राहत. दोघांच्या दोन होड्या, आणि दोघंही आपापल्या होडीचे तांडेल. पण एकमेकांचं तोंड बघत नसत.

झालं होतं असं. थोरल्याने समुद्रात जाळं पसरलं होतं, वर निशाणही लावलं होतं. धाकटा घाईत होता. त्याने निशाण पाहिलं आणि तरी होडी वरून नेली. होडीखाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात सापडून जाळ्याच्या चिंध्या झाल्या. धाकटा थांबलासुद्धा नाही.

तेव्हापासून थोरला भर धक्क्यावर त्याला शिव्या घाली आणि धाकटा त्याहून मोठ्याने उलट ओरडे. मासळीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून ऐकत बसत. जाळं मात्र फाटकं ते फाटकंच.

एक दिवस धाकट्याचं इंजिन समुद्रात बंद पडलं. वारा त्याची होडी खडकांकडे ढकलू लागला. जवळ होडी होती ती एकट्या थोरल्याची. अडलेल्या होडीला दोर नाकारायचा नाही, ही दर्याची रीत. थोरल्याने दोर फेकला, पण असा, की दगडच मारतोय.

"बांध, आणि तोंड उघडू नकोस," तो म्हणाला.

मग त्याने सगळा राग इंजिनावर काढला. एकदम पूर्ण वेग. इंजिन किंचाळलं, काळा धूर निघाला, मागे पांढऱ्या फेसाचा ढीग उठला. दोर हिसके देऊ लागला आणि खडक तर जवळच येत चालले. थोरल्याने इंजिनालाही शिवी दिली. खाली उतरून गिअरच्या पेटीवर थाप मारली, आणि हात चटकन मागे घेतला. पेटी तव्यासारखी तापली होती.

हात चोळत तो उभा राहिला. मागे एवढं ओझं आणि एवढा वेग. इंजिनाचा जोर पंख्याकडे नेणाऱ्या पेटीतल्या चकत्या नुसत्या घसरत होत्या. निम्मा जोर तिथेच तापून जात होता. जो पंख्यापर्यंत पोचत होता, त्याचा फेस होत होता. होडीच्या वाट्याला काहीच येत नव्हतं.

वरून त्याचा खलाशी म्हणाला, "तांडेल, दोर कापू का? नाहीतर आपणही जाऊ."

"दोराला हात लावू नकोस," म्हणत थोरल्याने वेग निम्म्यावर आणला.

इंजिनाचा आवाज उतरला तसं धाकट्याला वाटलं, आपल्याला सोडलं. तो मागून ओरडला, "दादा, जाळ्यासाठी जीव घेतोस का?"

थोरल्याने वेग तिथेच धरून ठेवला. हळूहळू फेस बसला. दोर ताठ झाला आणि ताठच राहिला. दोन्ही होड्या सावकाश, अगदी सावकाश, खडकांपासून दूर सरकल्या.

धक्क्यावर धाकटा पाया पडायला वाकला, तसा थोरला मागे सरला. राग गेला नव्हताच. पण या वेळी तो इतकं हळू बोलला, की बायकांना काही ऐकूच आलं नाही.

"निशाण दिसलं होतं तुला. उद्यापासून माझ्या अंगणात बसायचं, जाळं पुरं होईस्तोवर."

दुसऱ्या दिवशी धाकटा जाळं विणायची सुई घेऊन अंगणात येऊन बसला.

तात्पर्य: रास्त राग गिळू नये, पण सगळा एकदम सोडला तर त्याचा फेसच होतो. ओझं ओढलं जाईल एवढाच सोडावा.