सत्तावीस नंबरची चिठ्ठी

“मग एका शब्दाचे एकोणचाळीस अर्थ, आणि त्यातला एकही मनापासूनचा नाही?” बाबांनी विचारलं.

“एकही नाही,” डांगे सर म्हणाले. “अकरा वर्षं शोधतोय.”

शब्द होता ‘सॉरी’.

विश्राम डांगे भाषेचे प्राध्यापक, आता निवृत्त. मराठीत येऊन घरच्यासारखे वावरणारे इंग्रजी शब्द गोळा करून ते एक कोश करत होते. दर वर्षी पौष महिन्यात ते आमच्या डोंगरपायथ्याच्या मठात येत, दोन दिवस राहत आणि भैरवगिरी बाबांना कोश कुठवर आला ते सांगत. बाबा चौथी शिकलेले. ते पत्रावळी लावता लावता सगळं ऐकून घेत.

कोशाचं सांगून झालं की सर दुसरा विषय काढत. तोही दर वर्षी तोच.

त्यांच्या धाकट्या भावाचा. आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती, पण दिगंबर आला नाही. खांदा द्यायलाही आला नाही. सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण मनातून तो जात नव्हता. “बाबा, एकदा त्याने तोंडाने ‘चुकलं’ म्हणावं,” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. “मी त्याच क्षणी त्याला पोटाशी धरीन.”

हे मी सात वर्षं ऐकत आलोय. मी एसटीतला कंडक्टर, निवृत्त झाल्यावर मठात येऊन राहिलो. बाबांना पळसाची पानं पुसून द्यायची, हे माझं काम.

या वेळी सर चिठ्ठ्यांचा डबाच घेऊन आले होते. सोमवारी कोश छपाईला जायचा होता. ‘सॉरी’च्या नोंदीचं शेवटचं वाक्य त्यांनी लिहून ठेवलं होतं : मराठी माणूस हा शब्द खऱ्या पश्चात्तापाने वापरत नाही. त्या वाक्याला त्यांना बाबांचा होकार हवा होता. साठ वर्षं लोक बाबांसमोर बसून आपापल्या चुका सांगत आले होते. त्यांनी मान डोलावली की वाक्य पक्कं, असा सरांचा हिशेब.

मला विचाराल तर होकार हे निमित्त होतं. सरांना शाबासकी हवी होती.

बाबांनी पान टाचायची काडी दातांनी तोडली.

“वाच,” ते म्हणाले.

सरांनी डबा उघडला. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या, सुबक अक्षर. प्रत्येकीवर माणसाने बोललेलं वाक्य, त्याचं वय, ठिकाण, तारीख आणि खाली अर्थ. वाक्य जसंच्या तसं हवं, त्यात कानामात्रेचाही फरक चालणार नाही, हा सरांचा नेम होता. त्याचा त्यांना फार अभिमान.

ते वाचू लागले. बँकेतली बाई म्हणते, “सॉरी, साहेब जेवायला गेलेत.” अर्थ : निघा. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारा म्हणतो, “सॉरी, आता तुम्ही नाही म्हणालात तर मी उठणार नाही.” अर्थ : धमकी. नवरा बायकोला म्हणतो, “बरं बाई, सॉरी.” अर्थ : विषय संपवा. एसटीचा कंडक्टर म्हणतो, “सॉरी, गाडी फुल आहे.” अर्थ : दार लावून घेण्याची क्रिया.

ही चिठ्ठी वाचताना सरांनी माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं, कारण खोटं नव्हतं ते. बाबाही मिशीत हसले.

सर रंगात आले. चिठ्ठीमागून चिठ्ठी, एकाच ठसक्यात.

“सव्वीस. डॉक्टर, ऑपरेशन थिएटरच्या दारात, ‘सॉरी, आम्ही प्रयत्न केला.’ अर्थ : माहिती देणे. सत्तावीस. ‘सॉरी दादा, माझं चुकलं.’ पुरुष, वय बावन्न, फोनवर. अर्थ : बंद पडलेलं बोलणं पुन्हा सुरू करण्यासाठी. अठ्ठावीस…”

“थांब.”

सर थांबले.

“सत्तावीस कोण?”

“कोण म्हणजे… दिगू. आमचा दिगंबर.”

माझ्या हातातलं पान हातातच राहिलं.

“तारीख?” बाबांनी विचारलं.

सरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. म्हणजे त्यानंतर सर तीनदा मठात आले होते, आणि तिन्ही वेळा याच ओट्यावर बसून, दिगू एकदा तरी चुकलं म्हणेल का, असं विचारून गेले होते.

बाबांनी पत्रावळ बाजूला ठेवली. मी त्यांना अर्धवट पत्रावळ खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं.

“तो असं म्हणाला, मग तू काय म्हणालास?”

“मी… पुन्हा म्हण म्हणालो.”

“का?”

“वाक्य जसंच्या तसं हवं होतं, बाबा. ‘चुकलं’ आधी म्हणाला की ‘सॉरी’ आधी, माझी खात्री नव्हती. पेन्सिल सापडेपर्यंत निसटलं असतं. म्हणून म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा म्हण.”

“ऐकू आलं होतं?”

“…हो.”

“मग?”

“म्हणाला तो. पुन्हा.”

“रडत होता?”

डोंगरावरून शेळ्या उतरत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

“हो,” ते म्हणाले. “पण ते लिहायला चिठ्ठीवर रकाना नाही.”

मी तीस वर्षं गाडीवर काढली. माणसं एकमेकांशी कशी वागतात ते भरपूर पाहिलं. पण या माणसाच्या ताटात मी सात वर्षं भात वाढलाय, तो असं काही करू शकतो हे मला खरंच वाटेना.

“लिहून झाल्यावर काय म्हणालास त्याला?” बाबांनी विचारलं.

“लिहून झालं तेव्हा फोन बंद झाला होता. मला वाटलं, करेल परत.” सर अडखळले. “नाही केला.”

“आता कुठे असतो?”

“बार्शीला. असतो म्हणे.”

सरांनी चिठ्ठीकडे पुन्हा बघितलं. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार, एकही खाडाखोड नसलेलं. ते तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती कुणी परक्याने लिहून आपल्या डब्यात घातली असावी. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. डबा मांडीवरून घसरला. एकोणचाळीस अर्थ पळसाच्या पानांत पसरले.

ते गोळा करायला कुणीच वाकलं नाही.

“बाबा,” सर म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता. त्यांनी हात जोडले. “बाबा, चुकलं माझं.”

मला वाटलं, आता बाबा उठतील, त्यांच्या पाठीवरून हात फिरवतील. रडत आलेल्या प्रत्येकाला ते तसंच करतात.

बाबांनी धोतराला हात पुसले. पानांत पडलेली एक कोरी चिठ्ठी उचलली. सरांच्या सदऱ्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घालून विचारलं, “वय?”

सरांना कळेना. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी नजर चुकवली.

“एकसष्ट,” ते कसेबसे म्हणाले.

बाबांनी लिहिलं. चौथी शिकलेला हात, एकेक आकडा कोरत होता. लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिलीचं टोक चिठ्ठीवर तसंच टेकवून ठेवलं. वर काही बघितलं नाही.

“हं,” ते म्हणाले. “पुन्हा म्हण, विश्राम. नीट ऐकू आलं नाही.”