बरणीच्या तळाची खडीसाखर

एका बाजाराच्या गावी अनंतशास्त्री नावाचे एक वैद्य होते. त्यांचे खोकल्याचे चूर्ण मोठे गुणकारी, पण महाकडू. शास्त्रीबुवा दिसले की पोरे दाराआड लपत. याचे त्यांना फार वाईट वाटे. शेवटी त्यांनी साखरेचा चांगला दाट पाक केला, त्यात चूर्ण कालवले आणि बरण्या भरून ठेवल्या. लोक आवडीने औषध मागू लागले. शास्त्रीबुवांची छाती फुगली.

त्यांच्या मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आले होते. सनई वाजवणार होता म्हादू गुरव. नेमके त्यालाच खोकल्याने धरले. सनईत फुंकर मारली की ढास लागे. आठवडाभर गोड औषध घेतले, तरी उतार पडेना. लग्नात सनई नाही म्हणजे काय! शास्त्रीबुवांचा तोल गेला. भर बाजारात ते म्हणाले, "माझं औषध चुकायचं नाही. तूच पथ्य मोडलंस." म्हादू खाली मान घालून घरी गेला.

दोन दिवसांनी शास्त्रीबुवांच्या पत्नी भागीरथीबाई रिकामी बरणी धूत होत्या. तळाशी खडीसाखर जमलेली दिसली. खडा तोंडात टाकला मात्र, त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. दुसरा खडा त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला. शास्त्रीबुवांनी तो चाखला आणि सारा घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. दाट पाकात चूर्ण विरघळलेच नव्हते. त्याच्या कणाकणावर साखर जमली होती आणि औषध तळाशी बसले होते. गाव बिचारे वरचा नुसता पाक पीत होते.

गुपचूप बरण्या ओतून द्याव्यात, असे त्यांच्या मनात आले. भागीरथीबाई एवढेच म्हणाल्या, "म्हादूला मात्र चारचौघांत बोललात."

शास्त्रीबुवा उठले ते तडक बाजारात गेले. म्हादूला बोलावून त्यांनी सगळ्यांदेखत चूक सांगितली आणि त्याची क्षमा मागितली.

म्हादूचे डोळे भरून आले. मग तो हसून म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, शास्त्रीबुवा. चोरून काय खाल्लं, तेच दोन दिवस आठवत बसलो होतो."

सारा बाजार हसला. शास्त्रीबुवाही पोट धरून हसले. म्हादूने डोळे मिटून कोमट पाण्यातून कडू चूर्ण घेतले आणि तीन दिवसांत त्याचा खोकला पळाला. लग्नात त्याने सनई अशी वाजवली की वऱ्हाडी हातातल्या अक्षता टाकायचेच विसरले.

तात्पर्य: काम फसले तर दुसऱ्याला बोल लावण्याआधी आपले काम तपासावे आणि ज्याला चारचौघांत दोष दिला, त्याची क्षमाही चारचौघांतच मागावी.