स्विचची दोन रुंद दारं

फार जुनी नाही, पण पंख्यांच्या घरघरीत ऐकलेली ही गोष्ट. एका कॉलेजच्या यंत्रखोलीत संगणकांना एकमेकांशी आणि इंटरनेटशी जोडणारा एक स्विच होता. निकाल, प्रवेश अशी कामं सांभाळणारे सगळे सर्व्हर त्याच्या अरुंद दारांना, म्हणजे तारा खोचायच्या खाचांना, जोडलेले होते. कडेची दोन दारं मात्र रुंद होती आणि त्यांतून तारा बाहेरच्या जगाकडे जात.

"ही दोन कोणासाठी राखलीस रे?" निकालाच्या सर्व्हरने दिवे मिचकावत विचारलं.

"सगळ्यांसाठीच. तुम्हा सगळ्यांचं काम इथूनच बाहेर जातं," स्विच म्हणाला.

"म्हणे सगळ्यांसाठी!" प्रवेशाचा सर्व्हर पुटपुटला. "आत काहीतरी शिजतंय."

रोजच्या टोमण्यांना कंटाळून स्विचने ती दारं त्या दोघांना देऊन टाकली आणि बाहेरच्या तारा त्यांच्या रिकाम्या झालेल्या अरुंद दारांना लावल्या.

निकालाचा दिवस उजाडला. गावोगावची मुलं फोन उघडून बसली. निकाल रुंद दारातून सुसाट स्विचपर्यंत आला आणि बाहेरच्या अरुंद दारांशी तुंबला. मुलांच्या फोनवर चक्र नुसतं फिरत राहिलं.

दोघे सर्व्हर आधी एकमेकांवर खेकसले, मग दोघांनी मिळून स्विचकडे पाहिलं.

"बघितलंस?" निकालाचा सर्व्हर कुजबुजला. "तरीच म्हटलं, यानं रुंद दारं आपल्याला इतक्या सहज कशी दिली!"