विडीला ‘हूं’ न म्हणण्याचा वसा

ऐका डोंगराई, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, तिथं सटवाजी सनईवाला राहत होता. दसऱ्याला त्यानं एका दमात लांब सूर धरावा, मग देवीची पालखी उठावी, अशी चाल होती. पण सटवाजीला विडीचं वेड. जेवला की विडी, दमला की विडी, पाहुणा आला की विडी. एका दसऱ्याला सूर मधेच तुटला, पालखी जागची हलेना. गाव म्हणालं, “पुढच्या खेपेस असं झालं, तर सनईचा मान दुसऱ्या घरी जाईल.”

मग सटवाजीनं विडी सोडली. पहिल्यांदा बंडल उकिरड्यात पुरलं, संध्याकाळी उकरून काढलं. दुसऱ्यांदा देवीची शपथ घेतली, पारावर मोडली. तिसऱ्यांदा नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तोच हात पुढं करून काडी मागितली. सून मैना चिडली. पारावरचे म्हातारे म्हणाले, “अगं, या वयात माणूस बदलतो का?”

“विडी तुम्हीच द्यायची, वर शहाणपणही तुम्हीच शिकवायचं!” असं म्हणून मैना तडक डोंगर चढली.

देवळात एक म्हातारी अंगण झाडत होती. “बाई गं, एवढी लाल का?” मैनेनं सगळं सांगितलं. म्हातारी हसली. “तो विडी सोडतो, विडीची कहाणी सोडत नाही. मन सांगतं, विडीशिवाय जेवण पुरं नाही. मन सांगतं, विडीनं थकवा जाईल. मन सांगतं, पाहुण्याला नाही कसं म्हणावं? हा ‘हूं’ म्हणतो, म्हणून कहाणी पुढं चालते.”

“मग त्यानं काय करावं?”

“हूं म्हणू नये, ‘खोटं’ म्हणावं. लागलीच चूळ भरावी, चार फुटाणे खावे, सनई फुंकावी. वसा मिरवू नये. मोडला तर रडू नये, त्याच पावली पुन्हा धरावा.” मैनेनं पाया पडून वर पाहिलं, तो झाडू होता, म्हातारी नव्हती.

मग मैना घरी आली, सटवाजीला वसा सांगितला. सटवाजी जेवून उठला, विडीसाठी हात कनवटीला गेला.

“मामंजी, मन काय म्हणतंय?”

“जेवण पुरं झालं नाही म्हणतंय.”

“पोटात जागा आहे?”

“तसूभर नाही.”

“मग?”

“खोटं बोलतंय गं, सूनबाई!”

पहिल्या दिवशी दहादा ‘खोटं’ म्हणाला, दोनदा फसला. दुसऱ्या दिवशी फुटाण्यांचा डबा आपटला, “मन परवडलं, तू गप्प बैस!” असं मैनेला म्हणाला. पण वसा टाकला नाही. होता होता मनच सांगायला कंटाळलं.

दसरा आला. पारावरच्या तात्यांनी विडी पुढं केली. “सटवाजी, मोठा सूर धरायचाय. एक झुरका घे, छाती मोकळी होईल.” मैना तोंड उघडणार, तोवर सटवाजीच म्हणाला, “तात्या, ही कहाणी मी फार ऐकली. भलतीच रटाळ आहे.”

मग सनई ओठाला लावली. सूर कळसावरून गेला, ओढ्यापल्याड गेला. पालखी उठली, वेस ओलांडून गेली, तरी सूर तुटेना. शेवटी भोईच ओरडले, “अरे बाबा, श्वास घे की!”

डोंगराईनं सटवाजीला जसा दम दिला, तसा घरोघरच्या विडी ओढणाऱ्यांना देवो, आणि त्यांच्या मैनांना चार शब्द सुनावायचं बळ देवो. लांबलचक कहाणी थोडक्यात सांगितली, ऐकणाऱ्यांना भरभरून फळो.